वाळूतल्या गोगलगाई आणि आमचे दाजी

आमच्या दाजींना कुठलाही जीव दाखवला, की ते आधी एकच प्रश्न विचारायचे, “हे खाईल काय?” कौतुक नंतर, किंमत नंतर, नाव तर त्याच्याही नंतर. शेजाऱ्यांनी एकदा कापसासारखं पांढरं कुत्र्याचं पिल्लू आणलं. अख्खी गल्ली ते हातोहात फिरवत होती. दाजींनी ते दुरून पाहिलं आणि म्हणाले, “ग्वाड हाय. पर मोठं झाल्यावर खाईल काय?” माझ्या मुलीच्या बारशाला सगळे नाक कुणाचं आणि डोळे कुणाचे यावर हमरीतुमरीवर आले होते. दाजी पाळण्यापाशी वाकले आणि माझ्या बायकोला विचारलं, “दूध नीट पिती ना?” ती हो म्हणाली. मग ते निवांत जेवायला बसले. नाकाचा निकाल त्यांच्यासाठी कधीच लागला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव पाथर्डीकडचं. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की बैलगाडीत बिऱ्हाड भरायचं आणि मुकादम सांगेल त्या कारखान्याला निघायचं. अक्का सांगते, की मुकादमाने गाव सांगितलं की दाजींच्या आईचा पहिला सवाल असायचा, “बैलांला वाढं मिळंल का?” वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. तो मिळाला की बैल जगले आणि बैल जगले की माणसं. दाजींनी स्वतः हे मला कधी सांगितलं नाही. कळलं तेव्हा मी त्यांच्या त्या प्रश्नावर भरपूर हसून बसलो होतो. आणि हसण्यापेक्षा जास्त जळून बसलो होतो.

होय, मी दाजींवर जळायचो. आता ते दक्षिणेत समुद्राकाठी राहायला गेलेत, हा मजकूर त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागेल, म्हणून लिहून टाकतो. मी पदवीधर, सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, सावेडीत स्वतःचा फ्लॅट. दाजी आयटीआय झालेले, आमच्याच शहराला लागून असलेल्या नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर मापात लोखंड कातणारे टर्नर. तरीही आमच्या घरातला मिक्सर बंद पडला की माझी बायको मंगल माझ्याकडे न पाहता फोन उचलायची, “दाजी, जरा येता का?” दाजी यायचे, मिक्सर उलटा करायचे, कानाला लावायचे. मीही पूर्वी एकदा तो कानाला लावून पाहिला होता. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पण मिक्सरपुरतं मी सोसलं असतं. खरी आग लागली ती तात्यांमुळे. तात्या म्हणजे माझे वडील. जन्म सगळा काष्टीत शेती करण्यात गेला. आई गेल्यावर आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर शेती वाट्यानं चुलतभावाला दिली आणि मी त्यांना नगरला माझ्याकडे आणलं. (कागदोपत्री शहराचं नाव बदललं असलं तरी आमच्या तोंडात अजून नगरच आहे.) त्यांना वेगळी खोली, खोलीत टीव्ही, टीव्हीसमोर आरामखुर्ची. “तात्या, तुम्ही काही करू नका, नुसते बसा,” असं मी रोज कचेरीत जाताना बजावायचो. चार महिने ते बसले. मग चार दिवसांसाठी म्हणून अक्काकडे नागापूरला गेले आणि परत यायचं नावच घेईनात.

आमच्याकडे बापाने लेकीच्या घरी राहणं म्हणजे मुलाच्या तोंडाला काळं. तात्या तर जुन्या चालीचे. पूर्वी अक्काकडे गेले तर चहासुद्धा घोटभर घेऊन कप बाजूला ठेवायचे. तोच माणूस आता जावयाच्या घरी मुक्कामाला! काष्टीहून चुलतभावाचा फोन आला, “बाळू, तात्या पोरीकडं राहत्यात व्हय? बाजारात लोकं इचारत्यात.” मी म्हणालो, “हवापालट आहे.” तो म्हणाला, “सावेडीतून नागापूरला?” मी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. तात्यांना परत आणायचं, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं. कसंही करून. लोक विचारतायत हे एक कारण, आणि दुसरं कारण मी स्वतःलाही नीट सांगत नव्हतो, की माझा बाप माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाकडे जास्त खूश आहे.

या सगळ्याला कारण झाली एक काचेची पेटी. दाजींच्या कारखान्यातले एक साहेब बदलून गेले, तेव्हा त्यांच्या केबिनमधली गळकी टाकी भंगारात निघाली होती. दाजींनी ती घरी आणली, सांधे भरले आणि तिच्यात मीठपाण्याचे मासे ठेवले. साधे मासे नव्हेत. समुद्रातले. दोन नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे. टाकी जेमतेम चाळीस लिटरची. आमच्या जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो, आणि या माणसाने तो नागापुरात टीव्हीच्या शेजारी आणून ठेवला होता. पिशवीतलं खास मीठ फिल्टरच्या पाण्यात विरघळवायचं, दुर्बिणीसारख्या एका नळीतून बघून खारटपणा मोजायचा. टर्नरच तो, मापाला चुकायचा नाही.

चुकला मात्र एका बाबतीत, आणि तिथेच माझा घात झाला. तात्या अक्काकडे गेले ते दिवस भर उन्हाळ्याचे. टाकीतलं पाणी रोज आटायचं. दाजी जेवढं आटलं तेवढं मीठपाणी वर ओतायचे. मासे तळाशी बसून धापा टाकायला लागले. तात्या दोन दिवस खुर्चीवर बसून हे बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “दाजी, रागावू नका, पर तुमी चुकताय.”

“कुठं चुकलो, तात्या?”

“आमच्या खालच्या पट्टीत काय झालं? पाटाचं पानी सोडत गेलो, सोडत गेलो. पानी उडून गेलं आन् मीठ वर आलं. पांढरीफटक झाली जमीन. पानी उडतं, मीठ उडत न्हाई. तुमी रोज वरून आनखी मीठ घालताय.”

दाजींनी नळी डोळ्याला लावली, बराच वेळ पाहिलं आणि सरळ म्हणाले, “चुकलो खरं. गोडं पानी घालाय पायजे.” मग अक्काची लाल नेलपॉलिश घेतली, काचेवर पाण्याच्या पातळीला एक रेघ मारली आणि तांब्या तात्यांच्या हातात दिला. “तात्या, ही रेघ तुमची. सकाळी पानी हिथवर आलं पायजे. मला कामावर जायची गडबड आसती, मी इसरतो.”

हे मला अक्काने फोनवर कौतुकाने सांगितलं. मी म्हणालो, “ऑपरेशन झालेल्या माणसाकडून पाणी ओतून घेता?” अक्का म्हणाली, “अरे, तांब्याभर तर पाणी. सहा वाजल्यापासून अंघोळ करून बसतात.” आमच्याकडे तात्या नऊ वाजेपर्यंत पांघरुणात असायचे.

पुढे टाकीतल्या वाळूवर तपकिरी साय धरू लागली. माशांनी सांडलेलं अन्न वाळूत कुजतं आणि वाळू घाण होते. ती साफ ठेवायला वाळूत राहणारे जीव सोडायचे असतात, असं दाजींनी मोबाईलवर वाचलं. ते जीव पुण्यात एका दुकानात मिळतात असं कळलं. आता पुण्याला जायचं तर गाडी हवी. गाडी माझ्याकडे होती. तात्यांचा मला महिन्याभरात आलेला पहिला फोन तो, “बाळू, रयवारी मोकळा हायेस का? दाजीला आन् मला पुण्याला जायचंय.” मी मोकळा होतो. ड्रायव्हर म्हणून का होईना, बोलावणं आलं होतं.

दुकानात निळ्या उजेडाच्या टाक्या होत्या आणि त्यांच्यामागे दंडावर गोंदवलेला एक मालक. त्याने वाळू साफ करायची म्हटल्याबरोबर सांगितलं, “काका, पॅकेजच देतो. पंधरा जीव, सगळे वेगवेगळे. वाळू आरशासारखी.”

दाजींनी खिशातून घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद काढला आणि काउंटरवर पसरला. टाकीच्या तळाच्या मापाने कापलेला. “आमची वाळू येवडी हाय. ह्यावर पंधरा जन खात्याल काय?”

मालक कागदाकडे आणि मग माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे पाहिलं.

त्याने मग एक तारामासा दाखवला. वाळूच्या रंगाचा, पाच हातांचा, हाताच्या कडांना बारीक दाते. मी तर प्रेमातच पडलो. तो वाळूत शिरायचा, नाहीसा व्हायचा आणि वीतभर अंतरावर पुन्हा वर यायचा. “वाळूतले बारीक जीव खातो,” मालक म्हणाला. “सगळी वाळू खालीवर करतो.”

“आन् ते जीव सपल्यावं?” दाजी.

“संपायला वेळ लागतो, काका.”

“ह्या कागदायेवड्या वाळूत किती येळ?”

“दोन-तीन महिने.” मालक जरा घुटमळला. “मग दुसरा घ्यायचा.”

“व्वा!” तात्या म्हणाले. “म्हंजी उपाशी मारायचा आन् नवा आनायचा. तुमचा धंदा बेस हाय.”

एक मासा दाखवला. तो तोंडभर वाळू घ्यायचा आणि कल्ल्यांतून गाळून सोडायचा. तात्यांना तो मिनिटभर आवडला, मग म्हणाले, “ह्यो समदी वाळू उधळून ठिवनार. ह्यो झाडतोय का घान करतोय?” शंखात राहणारे खेकडे होते. ते शंख आवडला तर आतल्या गोगलगाईला मारून तिचं घर घेतात, असं मालक स्वतःच बोलून गेला आणि पस्तावला. दाजींनी नुसती मान हलवली. तोवर दीड तास झाला होता. मला भूक लागली होती. त्या दोघांना लागली नव्हती.

शेवटी मालकाने कंटाळून एका टाकीत चिमूटभर खाणं टाकलं. टाकीत नुसती वाळू दिसत होती. क्षणभराने वाळू हलली. तिच्यातून छोट्या छोट्या सोंडा वर आल्या, आणि मागोमाग बोराएवढ्या गोगलगाई वाळू फोडून बाहेर निघून खाण्याकडे धावल्या. गोगलगाय धावते हे मी त्या दिवशी पाहिलं.

“वास आला रं त्यांला!” तात्या टाळी वाजवून म्हणाले.

“माशांचं उरलेलं, सांडलेलं खातात,” मालक म्हणाला. “बाकी वेळ वाळूत बसून असतात. हलतात म्हणून वाळू सडत नाही.”

दाजींचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. “मंजी मासं खात्यात तवर ह्या जगत्यात.” त्यांनी कागदावर चार बोटं टेकवली. “चार द्या.”

“काका, चार? नगरहून आलात ना?”

“चारच. बघून द्या.”

आणि मग तात्यांनी सूत्रं हातात घेतली. काष्टीच्या बाजारात चाळीस वर्षं बैल पारखलेला माणूस तो. “ही उताणी करा बरं,” ते म्हणाले. मालकाला कळेना. “उताणी टाका वाळूवर. उठती का बघू.” मालकाने चिमट्याने गोगलगाय उताणी टाकली. तिने पाय बाहेर काढला, वळवला आणि पलटी मारून सरळ झाली. “ही घ्या.” दुसरी तशीच पडून राहिली. “ही न्हाई. बसकी हाय.” दाजी शेजारी उभे राहून गंभीरपणे मान डोलावत होते. अशा अकरा गोगलगाई उताण्या झाल्या, तेव्हा चार पास झाल्या. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापल्या टाक्या सोडून आमच्याभोवती जमली होती. मालक शेवटी म्हणाला, “आजोबा, तुम्ही इथे कामाला येता का?” तात्या केवढे हसले!

मी गाडीची किल्ली हातात खेळवत दाराशी उभा होतो. तात्यांनी मला लहानपणी काष्टीच्या बाजारात बैल बघायला कधी नेलं नाही. हट्ट केला की म्हणायचे, “तू शाळंत जा. तुला न्हाई त्यातलं करायचं.” मी शाळेत गेलो. आणि आता माझ्या डोळ्यांदेखत, पन्नाशीच्या जावयाला बरोबर घेऊन, तो माणूस बाजार करत होता. येताना दोघं मागच्या सीटवर बसले, मध्ये पिशवी. सुपा येईपर्यंत गोगलगाईंवर बोलत होते. मला एकदाच हाक आली, “बाळू, एशी कमी कर, त्यांला गार लागंल.”

पुढच्याच आठवड्यात मी टाकी घेतली. दाजींच्या टाकीपेक्षा चार बोटं मोठी. आणि दाजी त्या दुकानात ज्या ज्या जिवाला नाही म्हणाले होते, तो तो जीव मी फोन करून मागवला. तारामासा, वाळू गाळणारा मासा, शंखातले सहा खेकडे, आणि वर दाजींसारख्याच चार गोगलगाई. मालकाने आवाज ओळखला. “ते कागदवाले काका तुमच्याबरोबर होते ना?” मी म्हणालो, “ते वेगळे, मी वेगळा.”

सगळं मांडून झाल्यावर तात्यांना फोन केला. “तात्या, तुमच्या मुलाची टाकी बघायला या.” ते आले, हातात दोन कपड्यांची पिशवी घेऊन. पिशवी बघून मला काय आनंद झाला! टाकीत तारामासा ऐटीत वाळू कापत चालला होता. “बघा,” मी म्हणालो, “ट्रॅक्टर आहे ट्रॅक्टर. आडवी-उभी नांगरट.”

तात्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. “झ्याक हाय,” म्हणाले. आणि मग, दाजींच्याच आवाजात म्हटलं तरी चालेल, “पर हे खाईल काय?”

“खातोय की. वाळू किती पांढरी झालीय बघा.”

तात्या राहिले. एक आठवडा, दोन आठवडे. मी काष्टीला फोन करून, काही काम नसताना, सांगितलं की तात्या आमच्याकडेच आहेत. त्यांना कसलाही त्रास होऊ नये म्हणून मी टाकीत सगळं आपोआप केलं होतं. पाणी आटलं की वरच्या बाटलीतून आपोआप पडायचं. दिवा आपोआप लागायचा. माशाचं खाणंसुद्धा एक डबा गरगर फिरून टाकायचा. तात्या सकाळी अंघोळ करून तांब्या घेऊन यायचे, टाकीपुढे उभे राहायचे. पाणी आधीच जिथल्या तिथे असायचं. मग तांब्या तुळशीत ओतून खुर्चीवर बसायचे. मंगल एकदा म्हणाली, “अहो, ती बाटली काढा की.” मी म्हणालो, “या वयात त्यांनी कशाला पाणी भरायचं?”

तिसऱ्या महिन्यात तारामासा मंदावला. वाळूवर नुसता पडून राहायचा. मग एका हाताचं टोक पांढरं पडलं आणि झडायला लागलं. मी मंगलला सांगितलं, की कात टाकतोय. तारामासा कात टाकत नाही, हे मला माहीत होतं. एक दिवस कचेरीतून आलो तर तात्या खुर्ची ओढून टाकीला नाक लावून बसले होते.

“बाळू, ह्याला खायाला न्हाई.”

“तात्या, वाळू बघा ना किती स्वच्छ आहे.”

“लई सोच्छ हाय. तेच सांगतोय. ह्यानं समदं खाल्लं, आता त्यात काय न्हाई. माती मेली ही.”

त्यांच्या खुर्चीशेजारी ती दोन कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती.

“कुठं निघालात?”

“दाजीकडं.”

“इथे काय कमी आहे, तात्या?” माझा आवाज चढला. “काय हवं ते सांगा. अक्काकडे असं काय आहे?”

तात्या रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “कमी काय न्हाई,” ते म्हणाले. “तुमच्याकडं समदं आयतं हाय. तिथं मी एक दिस न्हाई गेलो तर पानी खारट हुतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी झाकणाची बादली घेऊन आले. एक टोमणा मारला असता तरी मी त्यावर दोन वर्षं जगलो असतो. पण त्यांनी तारामासा हलक्या हाताने बादलीत घेतला. दुकानवाल्याशी त्यांनी बोलून ठेवलं होतं, त्याच्याकडच्या खोलीएवढ्या टाकीत तो सोडायचा होता. “जगेल का?” मी विचारलं. “बघू. तितं खायाला हाय,” ते म्हणाले आणि स्कूटरवर, एका हातात बादली धरून, एसटी स्टँडकडे गेले. खेकड्यांनी तोपर्यंत माझ्या होत्या नव्हत्या गोगलगाई खाल्ल्या होत्या. मासा एका सकाळी उडी मारून सोफ्याखाली गेला. टाकी मी माळ्यावर ठेवली, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी.

त्यानंतर मी अक्काकडे जायचो तो पाहुण्यासारखा. बसायचो खुर्चीच्या कडेवर. तात्या मला दर वेळी नवं काही दाखवायचे, गोगलगाईंची सोंड, काचेवरची अंडी. “बघ, चारीच्या चारी हायेत अजून,” असं म्हणायचे. मला त्या चारही गोगलगाईंचा मनापासून राग यायचा.

आणि मग दाजींच्या कारखान्याने बाडबिस्तरा उचलला. सगळी यंत्रं दक्षिणेकडे, समुद्राकाठच्या एका गावी. ज्यांना यायचं त्यांनी या. दाजींच्या निवृत्तीला आठ वर्षं होती, ते निघाले. तात्यांनी जाहीर केलं, “मी आता काष्टीला जातो. एकटा राहीन.” तो गुडघा घेऊन, रिकाम्या घरात. मी म्हणालो, “तात्या, माझ्याकडे चला.” ते म्हणाले, “बघू.” त्या बघूचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता.

सामान बांधायच्या दिवशी मी नागापूरला गेलो तर दाजी एकटेच टाकीपाशी बसून वाटीवाटीने वाळू काढत होते. तात्या आत अक्काला भांडी बांधू लागले होते. टाकी एवढ्या लांब नेता येणार नव्हती. वाळू एकदम ढवळली तर तळची घाण वर येते आणि सगळं मरतं, म्हणून वरची वेगळी, खालची वेगळी. मी बादली धरली. दोन-तीन वाट्या बादलीत पडल्या. मग मला राहवेना.

“दाजी, मला तुमचा फार राग यायचा.”

“म्हाईत हाय की.”

“माहीत होतं?”

“पाव्हणं, दीड वर्सं झालं तुमी आमच्याकडं चहा घेतला न्हाई. अक्का करती, तुमी ॲसिडिटी सांगता. न्हाई कसं कळनार?” त्यांनी एक वाटी उपसली, गोगलगाय होती ती बोटाने अलगद वेगळी काढली. “माझा बाप मी नऊ वर्सांचा आसतानी गेला. उसाच्या फडातच. घरात म्हातारं मानूस कसं आसतं, मला म्हाईत नव्हतं. चार दिस म्हनून तात्यांला ठिवलं. मग मलाच सोडू वाटंना. तुमचं घेतलंय हे कळत हुतं मला.”

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. तोंडातून आलं, “अक्का, चहा टाक.”

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. भांडी खोक्यात गेली होती. अक्काने तरी टाकला, स्टीलच्या पेल्यातून दिला. मी सगळा प्यायलो. साखर नव्हती. दाजी आत गेले आणि तात्यांशी काहीतरी बोलत बसले. दार ओढलेलं होतं. मी बाहेर बादली धरून उभा होतो, आणि आत ते दोघं बोलतायत या एवढ्याशा गोष्टीनेसुद्धा मी पुन्हा जळलो. चहा नुकताच पोटात गेला होता तरी!

दार उघडलं तेव्हा तात्या पिशवी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, “चल सावेडीला. टेम्पो आला का?”

दाजींनी सांगून ठेवलेल्या टेम्पोच्या मागे टाकी आणि पाण्याचे कॅन चढवले. अक्का रडली. दाजी तात्यांच्या पाया पडले. तात्यांनी त्यांच्या डोक्यावरचा हात बराच वेळ काढला नाही. मी दुसरीकडे बघितलं. मग आम्ही पुढे बसलो, ड्रायव्हर, मध्ये मी, खिडकीशी तात्या. चार गोगलगाई आणि दोन मासे असलेली बादली त्यांच्या मांडीवर.

“हळू घ्या,” तात्या ड्रायव्हरला म्हणाले.

“काय हाय आज्जा बादलीत?”

“गोगलगाई. आन् दोन मासं.”

“खायच्या?”

“पाळायच्या. माझ्या पोराकडं चाललोय आमी समदी. त्याला जमंल आता.”

मी समोर काचेकडे बघत राहिलो. अख्ख्या आयुष्यात हे वाक्य मी माझ्या बापाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो, तेही एका अनोळखी माणसाला सांगितलेलं. छाती अशी भरून आली, की ड्रायव्हरला गिअर टाकायला जागा उरली नाही. एवढ्यात गतिरोधक आला, टेम्पो उडाला, पाणी हिंदकळलं. तात्यांनी दोन्ही हातांनी बादली सावरली, आत वाकून चारही गोगलगाई मोजल्या आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं.

“दाजी म्हनले तसं.”